म्हणे, आम्ही अकुशल!

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला एक मोठे पाहुणे आले होते. किती मोठे ते सांगत नाही. त्यांच्या मोटारीसाठी शाळेसमोरच्या रस्त्यावर आदल्या दिवशी मुरूम पडला होता, एवढे सांगितले की पुरे. आल्याबरोबर त्यांचा सत्कार झाला. नारळ, गुलाबाचे फूल आणि खांद्यावर टसरचे उपरणे. मग पाहुणे बोलावयास उभे राहिले. बोलले चांगले, मुलांना हसवलेही. आणि शेवटी म्हणाले, "आपला जिल्हा मागे का राहिला, ठाऊक आहे? आपल्या जिल्ह्यातले हात अकुशल आहेत. कौशल्य आले की उद्योग येतील, उद्योग आले की पैसा येईल आणि देश पुढे जाईल."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पाहुण्यांसमोर मास्तराने हात आखडून बसायचे नसते. पण माझी नजर त्यांच्या खांद्यावरच्या उपरण्यावर खिळली होती. ते आमच्याच भंडारा जिल्ह्यातले, मोहाडी-आंधळगावकडच्या मागावर निघालेले. ज्या हातांना अकुशल म्हणणे चालले होते, त्या हातांचे काम अंगावर पांघरूनच ते म्हणणे चालले होते.

मांडव उठल्यावर एका विणकराने मला गाठले. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी, दहावी होऊन घरी बसलेला. विणकर म्हणाला, "गुरुजी, पोरगा दहावी झाला. आता त्याले मागावर बसाची लाज वाटते. अन् नोकरी तं भेटत नाही. म्हंजे तुमी त्याचं केलं का जी?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. या प्रश्नाने माझी झोप उडाली असे म्हणणार नाही, मला झोप चांगली लागते. परंतु एकाच दिवशी, एकाच मांडवात ऐकलेली ही दोन बोलणी मनात एकमेकांशी भांडत राहिली. पाहुण्यांचे म्हणणे, हातात कौशल्य नाही म्हणून घरात पैसा नाही. विणकराचे म्हणणे, कौशल्य होते, ते शाळेने काढून घेतले आणि बदल्यात काहीच दिले नाही. वर्षभर विचार करून मी ज्या मताला आलो ते आधीच सांगून टाकतो. विणकर निम्मा खरा आहे आणि पाहुणे साफ चुकले आहेत. दिवाळीच्या फराळाबरोबर हे कडू लागेल. पण वर्षातून एकदाच सारे घर एके ठिकाणी बसून अंक वाचते, तेव्हा बोलायचे नाही तर कधी बोलायचे?

आधी तो 'अकुशल' शब्द पाहू. टसरचा किडा घरात पाळता येत नाही. तो रानातल्या ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर सोडावा लागतो. आमच्याकडे हे काम ढिवरांचे. पाखरे, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्यापासून त्याची दिवसरात्र राखण करावी लागते. किडा चार वेळा कात टाकतो. केव्हा टाकणार, पाने संपत आल्यावर त्याला कोणत्या झाडावर न्यायचे, हे राखणदाराला नजरेने कळावे लागते. मग कोष उतरतात. ते खारवट पाण्यात उकळायचे, मऊ झाले की चार-सहा कोषांचे तंतू एकत्र ओढून बाईने मांडीवर वळत धागा काढायचा. सारखा जाडीचा धागा, निव्वळ बोटांच्या जाणिवेवर! आणि मग माग. करवती काठाचे लुगडे तर विणकराची परीक्षाच पाहते. काठाचे आडवे सूत वेगळ्या धोट्याने जाते, अंगाचे वेगळ्या धोट्याने. जेथे काठ आणि अंग भेटतात तेथे दोन्ही सुते प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवायची. काठ सुती, अंग रेशमी. दोघांचा ताण सारखा नसतो, आणि तो सारखा राखला नाही तर काठ गोळा होतो. हे गणित कोणत्या पुस्तकात आहे? माझ्या शाळेतल्या तरी नाही. या करवती काठाला सरकारने भौगोलिक मानांकनही दिले आहे. म्हणजे कापड सरकारदरबारी कुशल ठरले, विणणारा मात्र अकुशलच!

ही टवाळी नाही, आकडेवारीची गोष्ट आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेने, म्हणजे २०१२-१७ च्या योजनेने, एक अंदाज दिला होता आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तो पुन्हा छापला. भारतात १९ ते २४ वयाच्या कामकरी लोकांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेत ५२ टक्के, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. हा आकडा गेली कितीतरी वर्षे भाषणाभाषणांतून फिरतो आहे. पाहुण्यांच्या पोतडीतही तोच होता. ऐकणाऱ्याला वाटते, शंभरातले पंचाण्णव भारतीय हात हलवायलाही शिकलेले नाहीत. पण त्यातला 'औपचारिक' हा शब्द नीट वाचा. औपचारिक म्हणजे ज्याचा कागद आहे ते. आईच्या मांडीशी बसून धागा काढायला शिकलेली मुलगी या आकड्यात बसत नाही. बापाकडून तांब्यापितळेची भांडी घडवायला शिकलेला भंडाऱ्याचा कारागीर बसत नाही. सरकारच्या श्रमपाहणीत 'वंशपरंपरागत' असा एक रकाना असतो, नाही असे नाही; पण भाषणात तो येत नाही. भाषणात येतो तो पाचाचाच आकडा. तो कौशल्य मोजत नाही, कागद मोजतो.

येथे माझीही गोष्ट सांगून टाकतो. मी स्वतः जुन्या भाषेत मॅट्रिक, हल्लीच्या भाषेत दहावी पास. माझ्या नावावर कादंबऱ्या आहेत, पण कादंबरी लिहिण्याचा कागद नाही. त्या पाहणीच्या हिशेबाने या बाबतीत मीही अकुशलच. काही टीकाकारांचे मत याहून वेगळे नाही. असो.

आता कोणी म्हणेल, मास्तर, कौशल्य असेल तर मग पैसा का नाही? हाच खरा प्रश्न आहे आणि पाहुण्यांच्या भाषणात तो नेमका गाळलेला होता. कौशल्य म्हणजे पैसा नव्हे. कौशल्याची किंमत म्हणजे पैसा, आणि किंमत ठरवणारा निराळाच असतो. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत असे दिसले की, देशातल्या सुमारे दोनतृतीयांश विणकर कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न पाच हजार रुपयांच्याही आत आहे. यांना कौशल्य शिकवायला कोण जाणार आहे? जो जाईल त्याला धोटा तरी धरता येईल का? त्यांच्या हाती कमी आहे ते सुतासाठी भांडवल, माल थोपवून धरण्याची ताकद, आणि व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावाला 'नाही' म्हणण्याची ऐपत. भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यांना नाव होते. स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि ती भांडी फळीवर, मग माळ्यावर, मग मोडीत गेली. तो कारागीर काही एका रात्रीत अडाणी झाला नव्हता. हात तेच होते, गिऱ्हाईक गेले.

उलट बाजूही पाहा. शिक्षण आले की भरभराट आपोआप येते, असे जर असते तर भंडारा जिल्हा आज श्रीमंत असायला हवा होता. २०११ च्या जनगणनेत भंडाऱ्याची साक्षरता सुमारे ८४ टक्के भरली. अवघ्या महाराष्ट्राची सुमारे ८२. म्हणजे साक्षरतेत आम्ही राज्याच्या सरासरीच्या पुढे, आणि दरडोई उत्पन्नात मागे! आमची शिकलेली पोरे धानाच्या बांध्या सोडून नागपूर, सुरत, हैदराबादच्या गाड्या धरतात. केरळाने तर साक्षरतेत सगळ्या देशाला मागे टाकले. तरीही त्याच्या दोन पिढ्या पोट भरण्यासाठी अरबी समुद्र ओलांडून गेल्या. शिकलेला माणूस हे बियाणे आहे. ते चांगले हवेच, पण नुसत्या बियाण्याने धान होत नाही. बांधी लागते, पाणी लागते.

याबाबत शहाण्यांची साक्ष काढायची झाली तर थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाची काढू. माणसांच्या शिक्षणावर केलेला खर्च हा खर्च नसून भांडवल आहे, असे त्याने १९६० साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या सभेत अध्यक्षपदावरून मांडले. पुढे १९७९ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कौशल्याची भाषणे करणारे सारे, त्याचे नाव ठाऊक असो वा नसो, त्याचेच पाणी पाजतात. पण याच शुल्ट्झने १९६४ साली पारंपरिक शेतीवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात सांगितले की, गरीब देशातला शेतकरी गरीब असला तरी ढिला किंवा मूर्ख नसतो. हाताशी आहे त्याचा तो चोख वापर करत असतो. त्याच्या हाताशीच पुरेसे नसते. भाषणवाले शुल्ट्झचा पहिला निम्मा घेतात आणि दुसरा निम्मा त्याच्या ग्रंथातच ठेवतात.

आणि दक्षिण कोरियाचे ते ९६ टक्के? कोरियाने आधी, १९५० च्या आगेमागे, जमिनी कसणाऱ्यांच्या नावे केल्या. मग सगळी मुले, अगदी सगळी, प्राथमिक शाळेत बसवली. आणि १९६० नंतर सरकारने परदेशी बाजार मिळवण्याचा सपाटा लावून कारखाने वाढवले, तेव्हा त्या शिकलेल्या हातांना जागा झाली. जमीन, शाळा, कारखाना, बाजार, सारे एकाच गाडीला जुंपले होते. आपण त्यातला एक बैल पाहून आलो आणि म्हणतो, गाडी यानेच ओढली.

पण परदेशाची उदाहरणे कशाला? आमच्या रानातच याहून मोठे उदाहरण पाण्याने भरून पडलेले आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला तेव्हा तलावही वाटले गेले, तरी आमच्या वाट्याला उदंड आले. हे तलाव बांधले कोहळ्यांनी. कोणत्या उतारावरून पाणी किती वेगाने येईल, पाळ कोठे घालायची, कोणत्या मातीची घालायची, सांडवा कोणत्या अंगाला ठेवायचा म्हणजे पाळ फुटणार नाही, एका तलावाचे उरलेले पाणी खालच्या तलावात कसे पोचवायचे, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. दुर्बीण नाही, नकाशा नाही, अभियांत्रिकीची पदवी तर नाहीच नाही. अजून ते तलाव धान पिकवतात.

हे कौशल्य एवढे वाढले कशामुळे? आमच्या शेजारच्या चांद्याच्या गोंड राजांनी एक रीत ठेवली होती. जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखालची जमीन. त्या देणगीला 'तुकूम' म्हणत; चंद्रपुरात त्या नावाची वस्ती आजही आहे. राजाने कौशल्याची शिबिरे भरवली नाहीत. त्याने कौशल्याला जमीन दिली. हात आपोआप शिकले, मुलांना शिकवू लागले आणि मुलूख पिकू लागला.

आणि ते मोडले कशामुळे? १९५० साली त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारने मालगुजारी रद्द करण्याचा कायदा केला. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मालगुजारांचा जाच ज्यांनी सोसला त्यांच्या नातवंडांपैकी मी एक आहे, तेव्हा मालगुजारी गेली याचे मला यत्किंचितही दुःख नाही. पण जमिनीबरोबर तलावही सरकारजमा झाले. पुढे मोठे तलाव पाटबंधाऱ्यांकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे गेले. गाळ काढणे, पाळ दाबणे, सांडवा पाहणे हे आजवर गावाचे काम होते. ते आता कोणाचेच नव्हे असे झाले. सरकारी कागदावर यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव', संक्षेपाने 'मा. मा.'. लोकांनी त्याचे 'मामा तलाव' केले. बाप गेल्यावर पोर मामाच्या दारी पडते, तसेच झाले म्हणा ना! तलाव गाळाने भरले, आणि ज्यांना ते कसे राखायचे ठाऊक होते त्यांनी आपल्या मुलांना ते शिकवले नाही. का शिकवावे? ज्या विद्येचा कोणी वाली नाही आणि जिला कोणी दाम देत नाही, ती मुलाच्या गळ्यात कोणता बाप बांधील? पुढे तेच तलाव दुरुस्त करावयाचे झाले की ठेका, यंत्रे, अंदाजपत्रक. गावातल्या माणसाला काम मिळते ते पाट्या वाहण्याचे. त्याला कागदोपत्री म्हणतात, अकुशल मजूर.

आता माझ्याच बाजूच्या मंडळींशी भांडायचे राहिले आहे. हे एवढे वाचून काही वाचक मान डोलावीत म्हणतील, "खरेच आहे मास्तर, पोरांना उगाच शिकवून बिघडवले. आपापला परंपरेचा धंदा शिकू द्यावा." थांबा. मला हे म्हणावयाचे नाही, आणि हे म्हणणाऱ्याला माझ्या बाजूने उभेही राहू द्यायचे नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी असाच एक बेत काढला होता. मुलांनी दिवसातून थोडेच तास शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. लोकांनी ओळखले की चांभाराचे पोर चांभार आणि वकिलाचे पोर वकील ठेवण्याचा हा सोपा मार्ग आहे. राज्य पेटून उठले. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी तो बेत गुंडाळला. चांगले केले. आमच्या भागातही जाडेभरडे कापड विणणारे महार कुटुंब हजारोंनी होते. त्यांच्या मुलांनी बाबासाहेबांचे ऐकले, माग सोडला आणि शाळा धरली. त्यांना आता कोणी परंपरेचे गोडवे ऐकवू नयेत. ज्या धंद्यात पोटही भरत नाही आणि मानही मिळत नाही, त्यातून पळून जाण्याचा हक्क ही शिक्षणाने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. म्हणून विणकर निम्माच खरा असे मी म्हणालो. त्याच्या मुलाला मागावर बसायची लाज वाटते यात शाळेचा दोष आहे. पण मागावर बसायचे नाही असे त्याने ठरवले, तर त्यात दोष कोणाचाच नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला, आमच्यापासून काही फार दूर नाही, गांधीजींनी शिक्षणपरिषद भरवली आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. ती कल्पना सगळ्यांच्या मुलांसाठी होती. सूतही कातायचे आणि त्यातून गणित, भूगोल, इतिहासही शिकायचा. झाले काय? टकळी खेड्यातल्या शाळेत गेली आणि इंग्रजी शहरातल्या. ज्या साहेबांनी बुनियादी शाळांची उद्घाटने केली, त्यांची स्वतःची मुले तेथे बसलेली मी तरी ऐकली नाहीत. त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सांगितले होते की, सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा आधी प्राथमिक शिक्षण द्या आणि त्यात शेतीचे ज्ञान घाला. फुल्यांना शेतकऱ्याच्या पोराला शेतीत डांबायचे नव्हते. त्याला लुटले जाते कसे, हे त्याला कळावे असे त्यांना वाटत होते. मला सगळ्या चर्चेत हेच म्हणणे आजही पटते.

पुढे १९६४-६६ चा कोठारी आयोग आला. त्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. शिक्षण आणि राष्ट्रविकास हाच त्या अहवालाचा विषय. त्याने शाळेत 'कार्यानुभव' आणायला सांगितले, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चायला सांगितले. सहा टक्क्यांचे अजून वचनच चालू आहे. कार्यानुभव मात्र वेळापत्रकात आला. तो मी शिकवतो, म्हणून त्याच्याविषयी अधिकाराने बोलू शकतो. कार्यानुभव म्हणजे कागदाची फुले, आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी, आणि परीक्षा जवळ आली की त्या तासाला गणिताचे सर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांवर मुले असतील तर कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणासाठी निदेशक नेमायला सांगितले आहेत, पण अर्धवेळ. हात शिकवणारा माणूस कायद्यातच अर्धा! त्याच्याकडे पाहून मुलाने काय समजायचे? ज्या शाळेत हाताचे काम शिकवणाऱ्याला मास्तरांच्या खोलीत शेवटची खुर्ची मिळते, त्या शाळेतून पोर घरी येऊन बापाच्या मागाकडे कोणत्या नजरेने पाहील? विणकराचा आरोप मला येथे मान्य आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मी उभा आहे.

आता कारखान्यातल्या कौशल्याचेही सांगतो, नाहीतर मी जुन्यातच रमलो असे होईल. जवाहरनगरचा दारूगोळा कारखाना, गडेगावचा मोटारींचा, वरठीचा पोलादाचा. आमच्या जिल्ह्यात कारखाने नाहीत असे नाही, आणि त्यांच्या भोवतीची गावे त्यांच्यामुळे बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच पोरे आयटीआयकडे वळतात. माझा एक विद्यार्थी फिटर झाला. चांगल्या गुणांनी झाला. नागपूरकडच्या एका कंपनीत वर्षभर शिकाऊ उमेदवार, मग दुसऱ्या कंपनीत शिकाऊ, मग तिसऱ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे शिकाऊ हा कामगार नव्हे, शिकणारा. त्याला वेतन नाही, विद्यावेतन. कामगारांचे कायदेही त्याला लागत नाहीत. तिसऱ्या वर्षी तो ज्यांना काम समजावून सांगत होता तेही शिकाऊच होते. मला म्हणाला, "सर, शिकून झाल्यावर तरी मी शिकलो असं कोण म्हणणार?" आज तो ठेकेदारामार्फत कामाला आहे. ही तर औपचारिक, कागदवाली, शिक्का मारलेली कौशल्ये. त्या पाच टक्क्यांतली! त्यांचे तरी काय झाले? स्वस्त हात हवे असले की त्याला म्हणायचे 'कौशल्यविकास', आणि महाग पडू लागले की 'कौशल्याचा अभाव'. एकाच नाण्याच्या या दोन्ही बाजू एकाच खिशात असतात.

२०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख करून देण्याचे ठरवले होते. सहावी ते आठवीच्या काळात मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे पाठवा, असेही त्यात आहे. ही दुसरी सूचना मला मनापासून आवडली. मी म्हणालो, चला, दहा तर दहा. पण माग पाहून यायचे आणि 'आमची सहल' असा निबंध लिहायचा, हे मला करायचे नव्हते. मी आठवीच्या मुलांना वही-पेन्सिल घेऊन एका विणकराच्या घरी नेले आणि सांगितले की, एका करवती लुगड्याचा हिशेब काढून आणायचा.

सुरुवातीला पोरे कंटाळली. मग रंगली. कोष किती लागले, कितीला आणले, वाहतूक किती. धागा काढायला किती दिवस, ताणा लावायला किती, विणायला किती. माग चालला नाही ते पावसाचे दिवस कोठे धरायचे, यावर भांडण झाले. व्यापाऱ्याने काय दिले आणि नागपूरच्या दुकानात तेच लुगडे कितीला असते, हे एका मुलाने आपल्या मामाला दूरध्वनी करून काढले. ती मोठी बेरीज-वजाबाकी फळ्यावर आली, आणि दिवसाची मजुरी निघाली. त्या वर्गात त्रैराशिक न येणारी चार मुले होती. त्यांना ते त्या दिवशी आले.

मग मी शेजारी एक आकडा लिहिला. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाला दिवसाचा दर ३१२ रुपये होता. २००५ च्या त्या कायद्यात कामाचे नाव स्पष्ट लिहिलेले होते, अकुशल अंगमेहनतीचे काम. मुलांनी दोन्ही आकडे पाहिले. मागावरचा आकडा ३१२ च्या खाली होता. म्हणजे अकुशलाला ३१२, आणि ज्याच्या कापडाला मानांकन आहे त्याला त्याहून कमी. वर्ग काही क्षण गप्प बसला. आठवीचा वर्ग गप्प बसणे म्हणजे काय, हे मास्तरांना सांगायला नको.

त्या विणकराची मुलगी त्याच वर्गात आहे. तिने हात वर केला. "सर, आई कांड्या भरते, धागाही आईच काढते. तिचे दिवस आपन धरलेच नाही."

मी म्हणालो, "घरी विचारून ये, किती धरायचे."

दुसऱ्या दिवशी ती सांगत आली की आई हसली आणि म्हणाली, त्याचे का पैसे धरतेत का बाप्पा? पण बाप हसला नाही. त्याने मुलीची वही मागून घेतली, मोठ्या पोराला जवळ बसवून ती दोनदा वाचून घेतली, आणि व्यापारी आला तेव्हा त्याच्यापुढे उघडून ठेवली. व्यापाऱ्याने भाव थोडा वाढवला, असे मुलगी म्हणाली. थोडा म्हणजे किती ते मी विचारले नाही. वही मात्र अजून परत आलेली नाही; विणकर ती देत नाही.